रांगेतला पहिला माणूस

सुनेत्रा मगदूमने घोन्साल्विसच्या नव्या पॅचखाली आपले नाव घातले आणि तिच्या सांगलीच्या फ्लॅटमधली बैठकीची खोली लांबत लांबत साखर कारखान्याच्या रस्त्याला जाऊन लागली. आधीच्या पॅचला खोली नुसती जिना उतरून खाली गेली होती. त्याच्याही आधी समोरच्या बिरनाळ्यांच्या फ्लॅटमधून आरपार गेली, तेव्हा बिरनाळेवहिनींनी दिवाण सरकवून तिला वाट करून दिली. खोली जरा सरळ न्या, देव्हाऱ्याला धक्का लागतोय, एवढेच त्या म्हणाल्या. सुनेत्राने पुढच्या वेळी खोली सरळ नेली.

तिचे काम असे होते. इंटरनेटवरून जाणाऱ्या निरोपांची गर्दी झाली की कोणी कधी थांबायचे आणि कोणी पुढे व्हायचे, हे ठरवणारा एक प्रोटोकॉल असतो. त्याच्या कोडमध्ये कुणीही बदल सुचवू शकतो. त्या बदलाला पॅच म्हणतात. पॅच आला की सुनेत्रा तो ओळ न ओळ तपासायची, शंका विचारायची, लिहिणाऱ्याला दोन-चारदा परत लिहायला लावायची आणि मनासारखा झाला की खाली आपले नाव घालायची. ते नाव तिथे कायमचे राहते. कोड चालला तर लिहिणाऱ्याची पाठ थोपटतात, फसला तर लोक आधी तपासणाऱ्याचे नाव शोधतात. हा व्यवहार सुनेत्राला मान्य होता. मगदूमबाईंचे नाव खाली आहे म्हटल्यावर मोठमोठी माणसे पुढचे वाचतच नसत आणि याचा तिला भारी अभिमान होता. तो तिने कधी लपवला नाही. दुसऱ्याच्या कोडमध्ये डोळ्यांत तेल घालून चुका शोधणाऱ्या बाईने स्वतःपुरता खोटा विनय तरी कशाला बाळगायचा?

निरोप तिच्या खोलीत माणसांच्या पायांनी येत. ज्याला कुठे काही पोचवायचे असेल तो स्वतःच येऊन रांगेत बसे. रांगेच्या टोकाला गॅलरीचे दार होते आणि दाराला लागून सुनेत्राचे टेबल. दारातून एका वेळी एक माणूस पलीकडे पाऊल टाकी आणि जिथे पोचायचे तिथे पोचे. दार अरुंद होते. ते रुंद करणे कुणाच्याच हातात नव्हते, म्हणून सगळे पॅच खोलीबद्दलच असत.

फ्रान्सिस घोन्साल्विस वसईचा. माणूस इतका अगत्यशील की त्याच्या कोडमध्येही पाहुणचार असायचा. त्याचे म्हणणे सरळ होते. दारी आलेल्याला परत पाठवू नये, जागा नसेल तर खोली वाढवावी. सुनेत्राने त्याचे पॅच चालवून पाहिले. किती जण परत गेले या रकान्यात दर वेळी शून्य आले. शून्य पाहिले की तिला घरचे माणूस भेटल्यासारखे वाटे, कारण त्या शून्यावरच ती लहानाची मोठी झाली होती.

तिचे वडील, आप्पासाहेब मगदूम, हंगामात उसाच्या गाड्या जिथे येऊन थांबतात त्या कारखान्याच्या यार्डाचे मुख्य होते. त्यांच्या उभ्या नोकरीत यार्डातून एकही गाडी परत गेली नाही. गाड्या वाढल्या की आप्पा वरच्या साहेबांच्या डोक्यावर बसून यार्ड वाढवून घ्यायचे. बैल जागच्या जागी रवंथ करत, गाडीवान गाडीखाली झोपत, ऊस वाळून हलका होई आणि काट्यावर वजन कमी भरे. पण गाडी परत जात नसे. हे आप्पांनी गल्लीत, लग्नात, दवाखान्यात, जिथे दोन कान सापडतील तिथे सांगितले होते. खाण तशी माती, असे लोक सुनेत्राकडे बघून म्हणत आणि बापलेक दोघेही हसून मान डोलवत.

आता याच गोष्टीसाठी कारखाना आप्पांचा सत्कार करणार होता. शाल, श्रीफळ आणि अध्यक्षांच्या हातून चांदीची बैलगाडी. मंडप गॅलरीच्या दारापलीकडे घातला होता. आप्पा कोल्हापुरी फेटा बांधून रांगेत बसले. मुलीचे टेबल दाराशीच आहे म्हणून मधेच घुसणाऱ्यांतले ते नव्हते. पहिली गाडी पहिली, असे म्हणत ते शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि सरकत सरकत पुढे येऊ लागले.

रांगेत माणसे वाळत होती. हे सुनेत्राच्या आधी लक्षात आले नाही, कारण वाळण्याचा रकाना तपासणीत नव्हताच. बारशाचे आमंत्रण घेऊन आलेल्या एका बाईच्या मागे ते बाळच येऊन उभे राहिले आणि त्याला मिसरूड फुटले होते. नोकरी लागल्याचे पेढे घेऊन आलेला मनुष्य अर्ध्या रांगेपर्यंत सरकला तेव्हा निवृत्त झाला होता. पेढे मात्र त्याने कुणाला दिले नाहीत, दिलेल्या पत्त्यावरच देईन म्हणाला. पुढच्या खुर्च्यांवरची माणसे इतकी हलकी झाली होती की पंखा दोनवर केला की ती बसल्या जागी डुलायची. सुनेत्राने पंखा बंद केला. कुणी कुरकुर केली नाही. परत कुणीच जात नव्हते, त्यामुळे सगळ्यांना वाटत होते की आपले काम होणारच.

आप्पा पुढे आले तेव्हा त्यांचे पाय फरशीपासून चार बोटे वर होते. फेटा तेवढा जड राहिला होता. सुनेत्राने स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला बत्ता आणून त्यांच्या कोटाच्या खिशात घातला. आप्पा जरा खाली आले. मंडपातल्या लाऊडस्पीकरवर कुणीतरी त्यांचे नाव पुकारत होते. आवाज दारातून स्पष्ट येत होता. आता त्यांच्यापुढे दोनच माणसे होती. मग एक राहिला. मग तोही गेला आणि आप्पा रांगेत पहिले झाले.

नेमका तेव्हाच घोन्साल्विसचा नवा पॅच आला. सोबत त्याने लिहिले होते की आपले आधीचे सगळे पॅच चुकले, खोली वाढवत गेलो म्हणून कुणी हरवत नाही, पण वेळेवर पोचतही कुणी नाही. आता नियम असा करावा. खोली वाढवायची नाही. रांगेत सगळ्यांत जास्त वेळ थांबलेल्या माणसाला परत पाठवायचे. तो परत जाताना दिसला की मागचे कमी येतील, खोली आपसूक आखडेल.

सुनेत्राने लगेच शंका विचारली. परतच पाठवायचे तर शेवटच्याला का नको? तो तर नुकताच आलाय, त्याचे काय जाते? घोन्साल्विसचे उत्तर आले. शेवटचा परत गेला तर लोक म्हणतात कंटाळला असेल, आणि त्याच्या खुर्चीवर दुसरा बसतो. पहिला परत गेला तर तो सगळ्या रांगेसमोरून जातो. ते बघितल्यावर कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

उत्तर बरोबर होते. सुनेत्राला ते बरोबर आहे हे आवडले नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती मनापासून चूक शोधू लागली, चूक सापडावी म्हणून. एका ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा जास्त होती. तिने ती दाखवली. तिने पापणी लववायच्या आत घोन्साल्विसने ती काढली. एका व्हेरिएबलचे नाव तिला पुरेसे बोलके वाटेना. त्याने ते बदलले आणि वर आभार मानले. मग तिने सगळे पुन्हा वरून वाचले. प्रत्येक ओळ नेटकी होती, प्रत्येक ओळ जे म्हणत होती तेच करत होती. इतका सुरेख पॅच तिच्या हाताखालून कधी गेला नव्हता. कौतुकाने तिचा ऊर भरून आला आणि त्याच वेळी तिला रडू फुटायचे तेवढे राहिले.

आप्पा तिच्याकडे बघत होते. रवंथ करणाऱ्या बैलाच्या तोंडावरूनही त्याला काय झालेय ते ओळखणारा माणूस तो, मुलीचे तोंड त्याला काय अवघड?

"काय लिवलंय त्यात?" त्यांनी विचारले.

"जो सगळ्यांत जास्त थांबलाय त्याला परत पाठवा, असं."

"म्हंजे मला."

"होय, आप्पा."

दारापलीकडून पुन्हा त्यांचे नाव पुकारले गेले. अध्यक्ष खुर्चीत बसले असल्याचेही सांगण्यात आले. आप्पांनी फेट्याचा शेमला पुढे घेऊन पाहिला आणि परत मागे टाकला. एकच पाऊल टाकायचे होते. सुनेत्राने ठरवले असते तर ते पाऊल पडेपर्यंत तिला चष्मा पुसत बसता आले असते. तिने चष्मा काढलाही. पण तपासायला घेतलेला पॅच घरच्या माणसासाठी अडवून धरायचा, तर मग त्या नावाला किंमत ती काय राहिली? तिने चष्मा पुन्हा घातला.

आप्पांनी खोलीभर नजर फिरवली. मिसरूड फुटलेल्या बाळापासून ते पार कारखान्याच्या रस्त्यापर्यंत, जिथे उसाच्या गाड्याही आता खोलीत शिरत होत्या. त्यांना कितपत दिसले कोण जाणे.

"बरोबर हाय का ते, एवढंच सांग," मग ते म्हणाले.

"बरोबर आहे."

"तू बघितलंस न्हवं नीट?"

"बघितलं. एकूण एक ओळ बघितली."

"मग थांबलीस कशाला? घाल की नाव."

सुनेत्राने नाव घातले. आप्पांनी खिशातला बत्ता काढून तिच्या टेबलावर ठेवला, धोतराचा सोगा हातात धरला आणि ते दाराकडे पाठ करून चालू लागले. त्यांचे पाय फरशीला लागत नव्हते, तरी चाल जुनीच होती, यार्डात फेरी मारतानाची. वाटेत प्रत्येक खुर्चीपाशी थांबून ते सांगत होते, "माझ्या पोरीनं परत धाडलं मला." सांगताना मान अशी ताठ, की चांदीची बैलगाडी हातात असती तरी इतकी ताठ झाली नसती. काहींना ऐकू आले नाही असे वाटून ते पुन्हा सांगायला मागे वळले. बारशाच्या बाईने त्यांना नमस्कार केला.

सुनेत्रा उभी राहून बघत होती. तिला अभिमान इतका वाटला, की दोन्ही हातांनी टेबल धरावे लागले. तिच्या नावावर तिला आजवर जेवढा अभिमान वाटला होता तो सगळा एकत्र केला तरी एवढा भरला नसता. हा आपला बाप, असे तिला खोलीभर ओरडून सांगावेसे वाटले. पण ते काम आप्पाच करत होते.

नियम लागू पडला. आप्पा जिथून पुढे जात तिथून खोली मागे मिटत येई. दाराशी असलेली माणसे पटापटा पलीकडे गेली. पेढेवाला गेला, बारशाची बाई गेली, बाळ तिचा पदर धरून गेले आणि जाता जाता त्याचे मिसरूड गळून पडले. खोली बिरनाळ्यांच्या घरातून निघाली. वहिनींनी दिवाण पुन्हा जागेवर सरकवला. जिना जिन्याच्या जागी आला. घोन्साल्विसने कळवले की त्याच्याकडेही कुणी थांबलेले नाही, निरोप मनात येताच पोचतायत आणि याचे सगळे श्रेय तपासणीला आहे. थोड्याच वेळात बैठकीची खोली होती तेवढी झाली. एक सोफा, टेबल, टीव्ही, गॅलरीचे दार आणि त्याच्या समोर फ्लॅटचे दार.

फ्लॅटच्या दाराबाहेर मात्र अजून थेट रस्ता होता आणि रस्त्यावर उंबऱ्यालगत आप्पा उभे होते. त्यांनी उजवा हात वर केला होता. असा हात त्यांनी जन्मात कधी गाडीपुढे धरला नव्हता, पण धरला होता तो कसलेल्या माणसासारखा. पहिल्या गाडीचे बैल त्यांच्या तळव्याला नाक लावून थांबले होते. त्यांच्या मागे दुसरी गाडी थांबली होती, तिच्या मागे तिसरी, आणि ओळ वळणापलीकडे जिथे जात होती तिथल्या फडात तोडणीवाल्यांचे कोयते वरच्या वर थबकले होते. ऊस कापलेला नव्हता, वाळत नव्हता, हिरवागार उभा होता.

खोलीत आता कुणीही नव्हते. गॅलरीचे दार मोकळे होते आणि लाऊडस्पीकरवरून आप्पासाहेब मगदूम जिथे असतील तिथून त्यांनी मंचावर यावे, असे पुन्हा सांगितले जात होते. उंबऱ्यापासून मंचापर्यंत सोफ्याला वळसा घालून पोचता आले असते.

सुनेत्राने त्यांना हाक मारली, या म्हणाली, मोकळे आहे सगळे.

आप्पा जागचे हलले नाहीत. त्यांनी फक्त मान वळवली. हात तसाच होता.

"ह्यो कवा खाली घ्यायचा?" त्यांनी विचारले.

सुनेत्राने पॅच उघडला. परत कुणाला पाठवायचे, कधी पाठवायचे, मागचे कसे थांबवायचे, सगळे अगदी नेटके लिहिले होते. ती शेवटच्या ओळीपर्यंत गेली. पुन्हा पहिलीपासून आली. थांबवलेल्यांना पुन्हा कधी सोडायचे, ते कुठेच नव्हते. त्याखाली तिचे नाव होते. नावाखाली कोरी जागा होती, आणि उंबऱ्यात तिचा बाप हात वर धरून, बैलांचा श्वास तळव्यावर घेत, तिच्या उत्तराची वाट बघत उभा होता.