नवी सुई

तिच्याहून वीस-वीस वर्षांनी मोठे पुरुषही तिला मावशी म्हणत, आणि त्यावर तिच्याकडे काही इलाज नव्हता. रोज सकाळी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम करायचा, दोन गाण्यांच्या मधे गोड बोलायचं, कुणाच्या गुडघ्याची नि कुणाच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी करायची. एवढं केल्यावर बाई मावशीच होते. घरी नवरासुद्धा संधी सोडत नसे. "मावशी, चहा मिळेल का?"

"फर्माईश नोंदवली आहे," ती म्हणायची. "आपला नंबर लागला की मिळेल."

तिचं स्टेशन मिडियम वेव्हवरचं. माडीवरच्या दोन खोल्या, एक बोळ आणि मागच्या मोकळ्या जागेत उभा एक उंच मनोरा, एवढाच त्याचा संसार. मिडियम वेव्हला नाजूकपणा फार. घरात कुणी मिक्सर लावला की गायिकेला दमा व्हायचा. ट्यूबलाइट लुकलुकली की व्हायोलिनवाल्याच्या अंगात यायचं. पण ऐकणाऱ्यांना त्याची इतकी सवय झालेली की एखाद्या दिवशी आवाज स्वच्छ लागला तर लोक रेडिओ उचलून हलवून बघत.

आता मुख्य कार्यालयाला वाटायला लागलं होतं की हे सगळं पुरे झालं. मनोरा वीज खातो, मशीन म्हातारं झालंय आणि ऐकतं कोण? बंद करण्याआधी रीत म्हणून शेवटची एक पाहणी करायची ठरली. ऐकणारे सापडले तर चालू ठेवायचं, नाहीतर महिनाअखेरीस बटण खाली. मावशीची सोयही वरच्यांनी लावून ठेवली होती. तिचा आवाज चांगला, तेव्हा मुख्य कार्यालयाच्या टेलिफोनवर 'आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा' हे तिनं रेकॉर्ड करून द्यायचं. पुढेही असंच काहीबाही. उभी हयात माणसांशी बोलण्यात गेली आणि म्हातारपणी रांगेशी बोलायचं, या विचारानं तिला जेवण गोड लागेनासं झालं.

पाहणीसाठी आली ती तिशीतली एक मुलगी. पायात बूट, हातात टॅब, बोलायला चटपटीत. स्टेशनात सगळे तिला पाहणीवाली म्हणायला लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी मावशीही तिच्याबरोबर बाजाराच्या गल्लीत गेली. लांब उभी राहीन, तोंड उघडणार नाही, या अटीवर.

पहिलं दुकान टेलरचं.

"तुम्ही रेडिओ ऐकता का?" पाहणीवालीनं विचारलं.

टेलरनं ओठांतल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. "रेडिओ? छे हो. हल्ली कोण ऐकतं?"

त्याच्या डोक्यावरच्या फळीवर रेडिओ गात होता.

"मग हे काय चाललंय?"

"हे होय? हे असंच. लावलेलं असतं."

"कधीपासून?"

"दुकान उघडलं तेव्हापासून."

"म्हणजे आज सकाळपासून?"

"नाही हो. दुकान काढलं तेव्हापासून."

पाहणीवालीनं 'नाही' वर बोट टेकवलं. मावशीनं तोंडात पदराचा बोळा कोंबायचा तेवढा बाकी ठेवला.

बेकरीवालीकडेही रेडिओ चालू होता, भट्टीच्या शेजारी, पिठानं पांढरा झालेला. ती म्हणाली, "आमच्यात नाही ऐकत कुणी. कणकेला सवय आहे म्हणून लावते. नाही लावला तर रुसते, फुगत नाही." तिचंही 'नाही'. पुढे बाकावर एक आजोबा मांडीवर रेडिओ घेऊन बसले होते. ते म्हणाले, "मला कुठे ऐकू येतंय, बाळ!"

"मग हा कशाला?"

"सोबतीला."

गल्ली संपेपर्यंत एकही 'हो' पडला नाही. परतताना मावशी फणफणत होती. "अगं, डोळ्यांनी दिसतंय ना तुला?"

"दिसतंय, मावशी. पण माणूस सांगेल ते धरायचं, असा नियम आहे. मी माझ्या मनानं धरायला लागले तर पाहणी कसली?"

त्यातही खोट काढण्यासारखं काही नव्हतं. म्हणून मावशीला जास्तच राग आला.

इकडे स्टेशनच्या साहेबांना स्वस्थ बसवेना. साहेब मनानं फार चांगले. आपल्याकडून स्टेशनला काहीतरी मदत व्हावी म्हणून त्यांनी खटपट करून रेकॉर्ड प्लेअरला नवी सुई आणली आणि संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर स्वतःच्या हातानं बसवलीसुद्धा. कुणाला सांगितलं नाही. सकाळी सगळ्यांना सुखद धक्का द्यायचा होता.

धक्का बसला.

मावशीच्या कार्यक्रमाचं शेवटचं गाणं वर्षानुवर्षं एकच. रेकॉर्ड काढणारी कंपनी केव्हाच बुडालेली, त्यामुळे ते गाणं या एका तबकडीखेरीज दुसरीकडे कुठेच नव्हतं. आणि त्या तबकडीवर एक चरा होता. दुसऱ्या कडव्यात गायिका जीव लावून म्हणायची, 'परत येशील तेव्हा मी', आणि तिथे सुई टुणकन उडी मारून थेट शेवटच्या ओळीवर पडायची: 'दार लावून घे'. मावशी नोकरीला लागली तेव्हाही ही उडी होतीच. सुरुवातीला ती श्रोत्यांची माफी मागायची. मग तिनं सोडून दिलं. गाव तर ते गाणं तसंच म्हणायला शिकलं. घराबाहेर पडणाऱ्याला मागून हाक यायची, 'परत येशील तेव्हा मी, दार लावून घे!' नवी नवरी महिन्याभरात शिकायची. मधे काही राहून गेलंय, असं कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

त्या सकाळी सुई चऱ्यावरून अशी गेली, जशी लोण्यातून सुरी. मावशीनं कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये इतक्या वर्षांत पहिल्यांदा मधल्या ओळी ऐकू आल्या. गायिका म्हणत होती की परत येशील तेव्हा मी खिडकीशी असेन, दिवा लावलेला असेल, मला झोप लागली असली तरी हाक मार, रागावणार नाही. बाहेर वारा सुटलाय, आत ये, दार लावून घे. म्हणजे ही बाई कुणाला हाकलत नव्हती तर! गाणं संपलं तरी तिचा हात आवाज कमी-जास्त करायच्या फेडरवर तसाच राहिला.

मग फोन वाजला.

"मावशी, गाणं कुणी बदललं?"

"बदललं नाही हो, आज पूर्ण लागलं."

"पूर्ण कुणी मागितलं होतं?"

तो ठेवला तोवर दुसरा. "मी उडीला गॅस बंद करते. आज उडीच नाही. दूध उतू गेलं सगळं. पुसायला येताय का?"

मग एक निवृत्त मास्तर. "नायिका आज फार बोलली. तिला शोभत नाही."

बोळातला दुसरा फोनही कोकलायला लागला. तिथे पाहणीवाली चहा पीत बसली होती. कुणीच उचलत नाही म्हटल्यावर तिनं उचलला आणि पलीकडच्या काकांनी तिला फैलावर घेतलं. बिचारी 'हो काका, नाही काका' करत राहिली. शेवटी सवयीनं तिच्या तोंडून गेलं, "काका, तुम्ही रेडिओ ऐकता का?"

"छे! कोण ऐकतं?" काका गरजले. "पण उद्या हे असलं चालणार नाही, सांगून ठेवतो!"

तिनं फोन ठेवला आणि इतकी हसली की चहा सांडला.

फोन थंडावले तेव्हा ती स्टुडिओत आली. "मावशी, फोनवरच्या शिव्या मला धरता येत नाहीत. पण उद्या माझा शेवटचा दिवस आहे. उद्या मी कुणाला काहीच विचारणार नाही. त्या गाण्याच्या वेळी गल्लीत नुसती उभी राहते. माझ्या डोळ्यांना दिसेल ते वरती सांगते, मग नियम गेला खड्ड्यात. पण गाणं तुमचं ते नेहमीचं लागू दे."

"लागेल की," साहेब घाईनं म्हणाले. "जुनी सुई बसवू परत."

"कुठली जुनी सुई?" स्टेशनच्या इंजिनिअरनं विचारलं. त्यांना सगळे तारवाले म्हणत. "ती तुम्ही केरात टाकलीत. केराची गाडी सकाळीच गेली."

साहेब खुर्चीत बसले.

तारवाल्यांनी खिशातून टाचणी काढली. "चरा जरा खोल करतो."

"खबरदार!" मावशीनं तबकडी छातीशी धरली. "टाचणी लावाल तिला, तर तुम्हाला लावीन." ते सकाळी ऐकलेलं खिडकीचं वाक्य, ती हाक, ते सगळं त्या चऱ्याच्या आसपास होतं. ते कायमचं ओरबाडून टाकायला ती तयार नव्हती.

"मग एकच उपाय," तारवाले म्हणाले. "ऐन वेळी सुईच्या दांड्याला बोटानं ढकला."

"ही फसवणूक नाही का?" मावशीनं विचारलं.

"कसली फसवणूक? इतकी वर्षं सुई चुकत होती, आता तुम्ही चुका. पगार तर तुम्हालाच आहे."

दुपारभर तालीम चालली. पहिल्या धक्क्याला दांडा तबकडीवरून खालीच आला. दुसऱ्याला मागे गेला आणि गायिकेनं पहिलं कडवं पुन्हा सुरू केलं. चुकीचं काम बरोबर करायला इतके कष्ट पडतात, हे मावशीला माहीत नव्हतं. अंदाज यावा म्हणून साहेब तोंडानं गाणं म्हणायला लागले. सूर कुठे, साहेब कुठे! पण उडी मात्र त्यांनी इतकी नेमकी घेतली की दोघं त्यांच्याकडे बघतच राहिले.

"साहेब, तुम्हाला कसं हो ठाऊक?" मावशीनं विचारलं. "तुम्ही तर म्हणता, मी फक्त बातम्या ऐकतो."

साहेबांचे कान लाल झाले. "घरी... ही लावते."

"अच्छा! वहिनी लावतात."

"तुम्ही ढकला," साहेब म्हणाले.

संध्याकाळी घरी ती मीठ घालतानाही करंगळीनं हवेत काहीतरी ढकलत होती. नवरा गॅसजवळ येऊन बघून गेला आणि आमटीची चव न बघताच म्हणाला, "उद्या चूक कुठे करायची ते कळलंय ना नक्की?"

"तुमच्याशी लग्न केलंय," ती म्हणाली. "सराव आहे मला."

पण रात्रभर तिच्या मनात तेच. उडी अर्धवट पडली तर? गल्लीत लोक गप्प राहिले तर? मग आहेच, कृपया प्रतीक्षा करा.

सकाळी शेवटचं गाणं लागलं. काचेपलीकडे साहेब आणि तारवाले, दोघांच्याही माना पुढे. दुसरं कडवं आलं. मावशीची करंगळी दांड्याच्या बाजूला जाऊन थांबली. 'परत येशील तेव्हा मी.' क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे ना पुढे. खिडकी, दिवा, ती हाक. मग तिनं ढकललं.

'दार लावून घे.'

बरोबर पडली की थोडी पुढे? तिला काहीच कळेना. तिनं श्रोत्यांचा निरोप घेतला, माईक बंद केला आणि तिघं फोनभोवती उभे राहिले.

फोन वाजेना.

"बंद पडलाय का?" साहेब म्हणाले.

तारवाल्यांनी उचलून कानाला लावला. "चालू आहे."

"मग कुणी फोन का करत नाही?"

"बरोबर लागल्यावर कोण कशाला करेल, साहेब?" मावशी म्हणाली. पण तिचाही जीव थाऱ्यावर नव्हता.

जिना धडधडला. पाहणीवाली धापा टाकत आत आली. टॅब काखेत, केस विस्कटलेले.

"टेलरनं मशीन थांबवलं. बरोबर त्या जागी," ती म्हणाली. "पाय वर उचलून धरला आणि उडी झाल्यावर परत खाली. बेकरीवालीनं कमरेच्या धक्क्यानं भट्टीचं दार लावलं, गाण्याबरोबर. ते आजोबा 'दार लावून घे' जरा मागून म्हणाले, पण म्हणाले. अख्खी गल्ली, मावशी! कुणी कुणाकडे बघतही नव्हतं."

"आणि तू?" मावशीनं विचारलं.

"मीपण म्हटलं. मोठ्यानं." ती लाजली. "टेलर म्हणाला, तुमचं जरा लवकर झालं."

मग तिथूनच तिनं मुख्य कार्यालयाला फोन लावला. पलीकडचा साहेब बराच वेळ काहीतरी विचारत होता आणि ही सांगत होती, नाही सर, ऐकत नाहीत म्हणाले. हो सर, तरीसुद्धा. नाही सर, माझ्या डोळ्यांनी. शेवटी ती "थँक्यू सर" म्हणाली आणि फोन ठेवून सगळ्यांकडे वळली.

"एक वर्ष हात लावणार नाहीत. पुढच्या वर्षी परत बघू म्हणाले."

तारवाल्यांनी खिशातल्या खिशात ती टाचणी चाचपली आणि उगाच डोळे पुसले. साहेबांनी तर चक्क पाहणीवालीशी हस्तांदोलन केलं आणि मग चुकून तारवाल्यांशीही.

"म्हणजे आता रोज मला हे ढकलायचं?" मावशीच्या तेव्हा लक्षात आलं. "आणि मी रजेवर गेले तर?"

"तुम्ही खुशाल जा," साहेब म्हणाले. "बोट ठेवून जा."

सगळे चहाला खाली उतरले. मावशी म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी आलेच. माईक बंद आहे ना, ते तिनं दोनदा पाहिलं, हेडफोन कानावर चढवले आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं, एकटीसाठी. दुसरं कडवं जवळ आलं तशी करंगळी आपली आपणच उठून दांड्याकडे निघाली. मावशीनं हात ओढून घेतला, मांडीखाली सरकवला आणि गाणं संपेपर्यंत त्या हातावर बसून राहिली.