जुनी रॅम, नवी रॅम

मी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली. त्यामुळे घरातलं यंत्र माझ्याखेरीज कुणी उघडलं की माझं डोकं फिरतं. सूनबाईला हे ठाऊक आहे. म्हणून त्या दिवशी सकाळी कम्प्युटरच्या मेमरीची नवी पट्टी, म्हणजे रॅम, घेऊन ती मुकाट्याने माझ्यापुढे उभी राहिली.

"आई, एवढी बसवून द्याल? एकट्या जुनीवर आता प्लॅन उघडतच नाही."

हा प्लॅन म्हणजे तिच्या नोकरीची परीक्षा. नात झाल्यापासून पाच वर्षं ती घरीच होती. आता दुसऱ्या शहरातल्या एका आर्किटेक्टने तिला सांगितलं होतं, 'तुम्ही स्वतः राहाल असं घर काढून पाठवा.' मुदत त्या दिवशी चारपर्यंत. आवडलं तर नोकरी. म्हणजे ती जाणार, नातही जाणार. आमचे चिरंजीव जहाजावर, वर्षातून दोनदा उगवतात. मागे उरणार कोण? मी आणि माझा स्क्रूड्रायव्हर.

"दोन कंपन्यांच्या रॅम एका घरात नांदत नाहीत," मी नाक मुरडलं.

"दुकानदार म्हणाला, चालतील."

"त्याला काय, विकून मोकळा!"

तरी बसवली. आता गंमत अशी, की यंत्राला आपल्या मनाने करू दिलं तर ते दोघींना जुनीच्या संथ चालीने चालवतं. ते मला बघवेना. नवी चांगली तरतरीत, तिने का म्हणून रखडायचं? मी सेटिंगमध्ये शिरले आणि दोघींचा वेग नवीएवढा चढवून ठेवला. सूनबाईला विचारलं नाही. मी कधी कुणाला विचारते?

कम्प्युटर सुरू झाला. तिने प्लॅन उघडला, आणि पडदा निळा होऊन सगळं बंद! पुन्हा सुरू, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तासभर चाललं आणि मग बंद, तिचं तेवढं काम पाण्यात गेलं.

"नवी रॅमच खोटी आहे," मी निकाल देऊन टाकला.

मी ती काढून दिली आणि सूनबाई बिचारी भर उन्हात दुकानात धावली. ती गेल्यावर मी चष्मा पुसून जुन्या रॅमवरचं लेबल वाचलं. तिचा वेग मी धरला होता त्याहूनही कितीतरी कमी. म्हणजे मीच जुनीला झेपणार नाही एवढं पळवत होते. एकतीस वर्षांचा अनुभव, आणि लेबल वाचलं नाही! कपाळाला हात लावला.

अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पण दोन वाजून गेले होते. चार वाजले की परीक्षा संपणार आणि दोघी इथेच राहणार. हे मनात आलं, आणि मी सेटिंगला हात न लावता तोंड शिवून बसले. लाज वाटते सांगायला, पण बसले.

अडीचला ती घामाघूम होऊन परत आली. "रॅम चांगली आहे म्हणतात. जाऊ दे, आई. नशीबच नाही. तुम्ही तरी सकाळपासून किती राबलात!"

चिडली असती तर मी दुप्पट चिडले असते. ते मला जमतं. हे मात्र सहन होईना.

"अगं, माझं चुकलं," मी म्हणाले. "वेग मीच चढवलाय. तू गेल्या गेल्याच कळलं होतं मला."

"मग फोन का नाही केलात?"

"तू जाशील म्हणून."

ती खुर्ची ओढून म्हणाली, "आधी हे सुरू करा. भांडण चारनंतर."

मी रॅम बसवली, वेग उतरवला. प्लॅन हळूहळू उघडला, पण अर्धा झाला, पुरा झाला, टिकला. मी पहिल्यांदाच तो नीट पाहिला. तळमजल्यावर नातीच्या खोलीला लागून एक खोली होती. भिंतीलगत लांबलचक टेबल, त्यावर कमरेच्या उंचीला ओळीने सहा प्लग. दारावर लिहिलं होतं, 'आई'.

"सहा कशाला?" मी विचारलं.

"पाच तुम्हाला पुरत नाहीत. आणि वाकून लावताना कंबर धरता ना."

मला रडूच आलं. पदराने डोळे पुसले आणि म्हटलं, "खिडकी चुकलीय. उजवीकडून उजेड आला की माझ्याच हाताची सावली कामावर पडेल."

"आत्ता सांगताय?" म्हणत तिने खिडकी डावीकडे घेतली, बाकीचं उरकलं आणि चारला दहा कमी असताना प्लॅन पाठवून दिला.

घड्याळात चार वाजले.

"हं, भांड आता," मी म्हणाले.

तिने खुर्ची माझ्याकडे फिरवली. "नोकरी लागली तर याल ना?"

"माझी हत्यारांची पेटी उचलायला दोघी लागतात," मी म्हणाले. "आधीच सांगून ठेवते."