आजार मोजणारी पेटी

त्या दुष्काळी उन्हाळ्यात मुकुंदवाडीत टँकरपेक्षा मोठी रांग कडूबा महाराजांपुढं लागायची. महाराज प्रत्येकाच्या हाती एक छोटी पेटी द्यायचे. वर तांब्याची पट्टी, बाजूला पाच लाल दिवे.

"रोज एकदा पट्टीवर तळहात दाबा! आठवड्याला एक दिवा हिरवा होईल, पाचही झाले की रोग पळाला. डॉक्टर सुया टोचतो, आपली देवीमाय नुसत्या स्पर्शानं पारखते!"

गर्दीत रेडिओ दुरुस्त करणारे पुंडलिकभाऊ दिसले, तसं महाराजांनी त्यांनाच पुढं बोलावलं आणि पेटी उघडून दिली. "बघा, आहे का काही कारागिरी?"

पुंडलिकभाऊंनी चष्मा पुसला. चाळीस वर्षं ट्रान्झिस्टर आणि कंडेन्सर जोडण्यात गेलेली. दिवस मोजून दिवे बदलायचे तर पाटीएवढं सर्किट लागतं, हे त्यांना पाठ. आत मात्र एक सेल, दिवे आणि नखाएवढा काळा तुकडा. तो कशाचा, हे त्यांना उमगेना.

"यात सर्किटच नाय," ते म्हणाले.

कारागिरी नाही म्हणजे देवीचाच चमत्कार, म्हणून जयजयकार झाला. त्यांची बायको वच्छलाबाई त्याच रांगेत होती.

तिची साखर जुनी. इन्सुलिनच्या सुयांनी मांड्या काळ्यानिळ्या झालेल्या. आठवड्याला एक दिवा हिरवा होत गेला. तिसऱ्या दिव्याला तिनं सुया बंद केल्या.

"डॉक्टरला इचारू का?" पुंडलिकभाऊ घुटमळले.

"तुमीच तर पेटी पाह्यली ना," ती हसून म्हणाली. "मंग झालं."

चौथा दिवा हिरवा झाला, त्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या, धाप लागली. दवाखान्यात पोचेपर्यंत शुद्ध हरपली. दोन दिवसांनी ती गेली.

लेक योगिनी पुण्याहून आली. ती तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. रडून झाल्यावर तिनं पेटी उघडली.

"आप्पा, हा तुकडाच अख्खं सर्किट आहे. मायक्रोकंट्रोलर. खेळण्यातसुद्धा असतो, इतका स्वस्त. हा नुसतं दाबणं मोजतो. सात वेळा दाबलं की एक दिवा हिरवा."

"आन् पट्टी?"

"तिला तारच जोडलेली नाही. खाली साधं बटण आहे."

पुंडलिकभाऊंनी तो तुकडा चष्म्याजवळ नेला. हीच चिप शिकून घ्या म्हणून लेक दोन वर्षं मागं लागली होती. पोरखेळ म्हणून त्यांनी तिला उडवून लावलं होतं.

दुसऱ्या सकाळी त्यांनी रांगेपुढं नवी पेटी घेतली आणि पट्टीवर वांगं दाबायला सुरुवात केली. पस्तीस वेळा. पाचही दिवे हिरवे झाले.

"महाराज, वांग्याची बी साखर उतरली का?"

"माय कोपेल!" म्हणत महाराजांनी पेट्या गोळा केल्या आणि जीप गाठली. हसलं कुणीच नाही.

रांगेतली भागूबाई पुढं आली. "पण भाऊ, सर्किट नाय म्हून तुमीच सांगितलं व्हतं ना?"

"व्हय." ते म्हणाले. "मला कळलं नव्हतं. 'कळलं नाय' म्हणायची लाज वाटली. वच्छलानं माझ्यावर भरोसा ठेवला. तुमी आता माझ्यावर बी नुसता भरोसा ठेवू नका. कळत नाय ते उघडून बघा, जाणत्याला इचारा. आन् ज्यांनी सुया-गोळ्या सोडल्यात, त्यांनी आजच डॉक्टरकडं चला. मी संगं येतो."