कोपरातलं तेल

मी एक जुना यांत्रिक हात आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. पोटात गोळा येणं म्हणजे काय, ते मला पोट नसूनही ठाऊक आहे. धातूचा हात आणि भित्रा, म्हणून खुशाल हसा. पण माझी हकिकत ऐकलीत तर हसू जरा आवराल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. खांदा, कोपर, मनगट आणि तीन बोटं, एवढाच माझा संसार. तपासणी करणाऱ्या बाईंनी मला अंडं उचलायला लावलं. पहिली सात अंडी मी फोडली. आठवं अलगद टेबलावर ठेवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शाब्बास रे गड्या! आता तुला माणसांत पाठवायला हरकत नाही." माझी भीती तेव्हापासूनची आहे. अंडं फुटलं तर पुसून टाकता येतं, माणसाचं काय करायचं?

मला मिळाली ती ताई. ती कपडे शिवायची. वरच्या फळीवरचा कापडाचा तागा काढताना शिडीवरून पडली आणि मानेखालचं सगळं शरीर निश्चल झालं. नाकावर माशी बसली तरी कुणाला तरी हाक मारायची. ते कुणीतरी येईपर्यंत माशी आपलं काम उरकून गेलेली असायची. मला तिच्या चाकाच्या खुर्चीला उजवीकडे बसवलं आणि हनुवटीपाशी एक छोटी दांडी दिली. ती दांडी कलवेल तिकडे मी जायचो. पहिल्या दिवशी तिने स्वतःचं नाक खाजवलं. चांगलं दहा मिनिटं खाजवत होती, हसत होती, रडतही होती. डोळ्यात बोट जाईल म्हणून मी मात्र जीव मुठीत धरून होतो.

सहा वर्षं आम्ही असे राहिलो. मी चहाचा कप ओठांशी नेला, पुस्तकाची पानं उलटली आणि खडूने कापडावर रेघा मारल्या. दुकानात येणाऱ्या बायका म्हणायच्या, "अगं बाई, रेघ बघा कशी सरळ!" मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

ताईचे बाबा जन्मभर शिवणयंत्रं दुरुस्त करत आले होते. मुलगी पडली तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती. आपण काही करू शकत नाही, हे त्यांना खात होतं. मग एका रविवारी त्यांना माझ्या कोपरातून बारीक कुरकुर ऐकू आली आणि त्यांचा चेहरा खुलला. "यंत्र ओरडतंय, म्हणजे तेल मागतंय," म्हणत त्यांनी तेलाची कुपी आणली. तेव्हापासून दर रविवारी माझ्या कोपरात चार थेंब पडू लागले. तेल घालताना ते शीळ घालायचे. या घरात ती शीळ कितीतरी दिवसांनी ऐकू येत होती.

पण मित्रांनो, माझ्या कोपरात मोटर आहे तसा ब्रेकही आहे. मोटर मला हलवते आणि मी थांबलो की ब्रेक धरून ठेवतो. सायकलच्या ब्रेकसारखा तो कोरडाच असावा लागतो. तेल हळूहळू त्याच्यापर्यंत झिरपलं. आता थांबलो की मी घसरू लागलो. आधी बोटभर खाली, मग दोन बोटं. मला ओरडता येत नव्हतं. ताईला ते कळलं होतं. कप खाली जायला लागला की ती पटकन हनुवटीने मला वर घ्यायची. पण बाबांना एका शब्दाने बोलली नाही. एक तर ती शीळ बंद पडली असती. आणि हात बिघडला म्हणून मला काढून नेलं असतं, तर पुन्हा ती माशी आणि पुन्हा ती हाक.

एका दुपारी ताईने एक कॉलर स्वतः इस्त्री करायची ठरवली. बाबांनी लहान इस्त्री तापवून माझ्या बोटांत दिली आणि ते बाहेर गिऱ्हाइकाशी बोलायला गेले. कॉलर झकास झाली. इस्त्री ठेवायची जाळी टेबलाच्या डाव्या टोकाला होती. तिकडे नेताना ताई क्षणभर थांबली आणि मी घसरलो. टेबलाची कड चुकवून इस्त्री खाली गेली. वर घ्यावी तर टेबलाची कड आडवी, मागे घ्यावी तर ताईचं पोट, आणि खाली, चार बोटांवर, तिच्या मांड्या! त्या मांड्यांना चटका कळत नाही. कातडी जळून जाईल, तरी तिला पत्ता लागणार नाही.

खुर्चीही त्याच दांडीने चालते. पण ती मागे घ्यावी तर दांडी आधी माझ्यावरून खुर्चीवर वळवावी लागते, म्हणजे मी थांबणार. थांबलो की पडणार. ताई मला इंचभर डावीकडे, इंचभर उजवीकडे हलवत राहिली. हलतोय तोवर मोटर धरते. "बाबा!" ती किंचाळली.

बाबा धावत आले आणि त्यांचा हात सरळ खुर्चीमागच्या लाल बटणाकडे गेला. जन्मभराची सवय होती ती. यंत्र बिथरलं की आधी बंद करायचं. ते बटण दाबलं की मोटरची वीज जाते आणि उरतो फक्त ब्रेक.

"बाबा, बटण नका दाबू! दाबलंत की पडेल!"

"अगं, चालू यंत्रात हात घालतात का कधी? आधी बंद तर करू दे!"

"ब्रेकला तेल लागलंय बाबा! तुमचं तेल! दोन आठवडे घसरतोय तो. माझं ऐका, इस्त्री धरा!"

बाबांचं बोट बटणावर टेकलं होतं. जन्मभराचा अनुभव एकीकडे आणि मुलीचा शब्द एकीकडे. ते बोट उचललं गेलं. त्यांनी माझ्याखाली हात घातला आणि दिसली तिथून, म्हणजे तापल्या बाजूनेच, इस्त्री धरून ओढून काढली. ताईच्या झग्याला डागसुद्धा पडला नाही.

संध्याकाळी बाबा हाताला पट्टी बांधून बसले होते. "माझ्याच हाताने मी तुला..." एवढंच त्यांना बोलता आलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे धूड नको आता घरात. खोक्यात भरून टाकतो." मी मनातून हादरलो. खोकं म्हणजे अंधार, आणि बाहेर ताई नुसती हाका मारणार.

ताई शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमचा हात भाजला. तो काढून खोक्यात भरणार आहात का?"

"काहीतरीच काय बोलतेस!"

"मग हा माझा हात आहे. दुखला तर बरा करायचा."

बाबा रडले. ताईही रडली. दोन दिवसांनी दुरुस्तीवाल्या बाई आल्या आणि त्यांनी नवा ब्रेक बसवला. "पुस्तिकेत लिहिलंय की, इथे तेल घालू नये," त्या म्हणाल्या. "पुस्तिका वाचणारा मेकॅनिक दाखवा मला," बाबा पुटपुटले, आणि ताईला हसू फुटलं.

मित्रांनो, मी अजून भितो. इस्त्री दिसली की थरथरतो. म्हणून हात जोडून सांगतो, अर्थात एकच हात आहे, समजून घ्या. कुणाची खुर्ची, काठी, कानातलं यंत्र किंवा माझ्यासारखा हात दिसला, तर प्रेमानेसुद्धा परस्पर हात लावू नका. आधी ज्याचं आहे त्याला विचारा. आणि तो काय सांगतो ते ऐका, तुमचा अनुभव कितीही मोठा असो.

परवा माझ्या मनगटावर धूळ बसली होती. बाबा फडकं घेऊन आले आणि वीतभर अंतरावर थांबले. "पोरी, तुझा हात पुसू का?"

ताईने जरा विचार केला. "आत्ता नको बाबा. रेघ मारतेय."

बाबांनी "बरं" म्हटलं आणि फडकं खांद्यावर टाकून ते तिथेच वाट बघत उभे राहिले.