घुसळण थांबली तो गुरुवार

माझ्या डोक्याला आठ खाचा आहेत, मित्रांनो, आणि त्यांतली सहावी बाकीच्यांपेक्षा मक्याच्या अर्ध्या दाण्याएवढी उथळ आहे. त्या बाजूला प्यायच्या गरम चॉकलेटचा फेस नेहमी जरा कमी धरे. दक्षिण अमेरिकेतल्या सांताफे शहरातल्या एका मोठ्या घरची मी जुनी लाकडी रवी. सुताराने संत्र्याच्या लाकडातून मला कोरले, तेव्हा त्याचा हात एकदाच चुकला. ती चूक मला जन्मभर पुरली.

घर कासिल्दाबाईंचे. त्या विधवा होत्या, खानदानी होत्या आणि पुस्तकवेड्या होत्या. दर गुरुवारी दुपारी त्यांच्या दिवाणखान्यात कवी आणि वकील जमत. आधी कविता होत. मग दार लोटून स्पेनच्या राजाविरुद्धची बंदी घातलेली पत्रके वाचली जात. खालून शिपायांची गस्त जाई, म्हणून बाईंनी युक्ती काढली होती. वाचन संपेपर्यंत पेत्रोनाने खिडकीपाशी बसून चॉकलेट घुसळायचे. तांब्याच्या भांड्यात मी फिरू लागले की रस्त्यावर फक्त माझी घरघर पोचे.

पेत्रोना जन्मापासून बाईंची गुलाम. एका भांड्याला दोनशे फेऱ्या पुरतात. गुरुवारी हजार होत. फेस वर येई, बसे, पुन्हा काढावा लागे. "असा फेस अख्ख्या शहरात नाही!" पाहुणे म्हणत. कौतुक माझे होई. तिचे तळवे कुणी पाहत नसे. मी झिजत गेले, ती थकत गेली.

आता मी खुंटीला कोरडी लटकते आणि मला तडे जात आहेत. मित्रांनो, लाकूड कामाने मरत नाही, विसरल्याने मरते. रवी वापरलीत तर धुऊन ठेवा. आणि ती फिरवणारे हात कुणाचे, हेही एकदा विचारा. मी हे एका गुरुवारी शिकले.

त्या गुरुवारच्या दोन वर्षे आधी बाई पेत्रोनाला म्हणाल्या होत्या, "तुझ्या मुक्तीचा कागद करून देईन गं." मग उपासाचे दिवस आले, मग भाचीचे लग्न, मग बाईंचा ताप. दस्तऐवज लिहिणारे म्हातारे आन्सेल्मो दर वेळी दौत घेऊन येत.

"बाई, शाई पुन्हा वाळली," ते म्हणत. "ही तिसरी दौत."

"पुढच्या गुरुवारी नक्की," बाई म्हणत. पेत्रोना मान खाली घालून मला फिरवत राही.

त्या दिवशी पत्रक आन्सेल्मोच वाचत होते. "कोणीही माणूस दुसऱ्याची मालमत्ता म्हणून जन्माला येत नाही..."

पेत्रोनाचे तळवे थांबले. आन्सेल्मोंचा आवाज एकदम उघडा पडला आणि त्यांनी पत्रक खाली घेतले.

"घुसळ ना गं!" बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "गस्त येईल."

"येऊ दे, बाईसाहेब. हे वाक्य मला या घरघरीशिवाय ऐकायचंय."

"घ्या!" एक कवी हसला. "आता हिलाही राजकारण कळायला लागलं!"

"दोन वर्षं माझ्या कानाशी वाचताय, साहेब. दगडालाही कळलं असतं."

खाली बूट वाजू लागले. आन्सेल्मोंनी पत्रक अंगरख्यात सारले. कुणी हलले नाही. भांड्यातले बुडबुडे एकेक करून फुटत होते. मला ते खाचाखाचांत जाणवत होते. बूट खिडकीखाली आले, रेंगाळले आणि पुढे निघून गेले.

आता बाईंना ओरडता आले असते. त्यांनी पेत्रोनाचे तळवे पाहिले, बहुधा पहिल्यांदाच. मग खुर्चीवरून उठल्या आणि खिडकी उघडी असूनही आवाज न दबवता म्हणाल्या, "आन्सेल्मो, ते पत्रक राहू द्या. दौत काढा. लिहा, की आज, या घटकेपासून, मी पेत्रोनाला मोकळी केली."