जकातीच्या बेटावर

शिंपीणबाईंना पाण्याची भीती लहानपणापासून होती आणि विहीणबाईंची गेल्या वर्षापासून. दोन्ही एकाच नावेत वाट्याला येतील असं मात्र त्यांना कधी वाटलं नव्हतं.

बेत मुलांचा होता. शिंपीणबाईंची मुलगी आणि जावई यांच्या लग्नाला वर्ष झालं, तरी दोघांच्या आयांचं काही सूत जुळत नव्हतं. भांडण नव्हतं, पण ‘बरं आहे ना?’ ‘बरं आहे,’ याच्या पुढे गाडी सरकत नव्हती. जावयाची आई शाळेत भूगोल शिकवणारी मास्तरीण. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. शिंपीणबाईंचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं आणि तोंडात टाचण्या धरून धरून त्यांना कमी बोलायची सवय लागली होती. म्हणून सुट्टीत मुलांनी दोघींना डोंगरापलीकडच्या त्या आडबाजूच्या तळ्यावर नेलं आणि मुद्दाम एका कॅनूत बसवलं. कॅनू म्हणजे लांबट, अरुंद, दोघांची नाव. जरा कुठे कूस बदलली की कलायची.

तरंगायचं जाकीट चढवताना शिंपीणबाईंनी शिवण ओढून पाहिली. “एकेरी टीप आहे.”

“बुडायला तेवढी पुरे,” मास्तरीणबाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

मुलं पुढे निघून गेली. त्यांना तळ्यातल्या बेटावर जायचं होतं. पूर्वी मीठ आणि कातडी घेऊन तळं ओलांडणाऱ्या नावांना तिथे थांबून जकात भरावी लागे. त्या नाक्याचा अर्धा बुरूज आणि पाण्यातून सरळ वर आलेली एक दगडी भिंत अजून उभी होती. मास्तरीणबाई मागे बसून हा सगळा इतिहास सांगत होत्या, मधेच “डावीकडे, विहीणबाई, डावीकडे!” म्हणून ओरडत होत्या. खडकांवर पाणकावळे पंख वाळवत बसले होते. एक पाणमांजर अगदी वल्ह्याजवळ डोकं काढून बघून गेलं. शिंपीणबाई क्षणभर भीती विसरल्या.

तेवढ्यात पलीकडून किंकाळी आली. गवताच्या बेटांमधले सगळे बगळे एकदम उडाले.

“कोण ओरडलं?” शिंपीणबाईंनी विचारलं.

गवताला वळसा घातला तर मुलांची कॅनू समोरून तरंगत येत होती. रिकामी. आत पाण्याची बाटली इकडून तिकडे लोळत होती. हाताशी यायच्या आत ती वाऱ्याने दूर वाहत गेली.

“बाळ्या!” मास्तरीणबाईंनी लेकाला हाक मारली. तो आवाज भिंतीवर आपटून तसाच परत आला.

मग भिंतीच्या माथ्यावर मुलगी दिसली. “आई, किनाऱ्याला लागू नका! डुकरीण आहे!”

बेटाच्या किनाऱ्यावर काळपट, केसाळ रानडुकरीण उभी होती, मान खाली घालून. मागे झुडपात पिल्लं चिरकत होती. मुलांनी नाव काठावर अर्धवट ओढून ठेवली होती आणि ती दोघं नेमकी पिल्लांच्याच वाटेत गेली होती. डुकरिणीने जावयाची मांडी फाडली होती. दोघं पडक्या दगडांवरून कशीबशी भिंतीवर चढली, तोवर नाव सुटून गेली.

“त्याला बसता येतंय का?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

“नाही,” मुलगी म्हणाली. “रक्त थांबत नाहीये.”

मास्तरीणबाईंचं वल्हं मांडीवर आडवं पडलं होतं. “परत जाऊ,” त्या पुटपुटल्या. “माणसं घेऊन येऊ. आपण काय करणार?”

शिंपीणबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांचाही धीर सुटला असता. त्यांनी वल्हं पाण्यात घातलं आणि वेडंवाकडं का होईना, भिंतीकडे मारायला सुरुवात केली. थोड्या वेळाने मागचं वल्हंही चालू झालं.

भिंतीजवळचं पाणी जनावराच्या आवाक्याबाहेर असेल अशी त्यांची समजूत होती. डुकरीण किनाऱ्याने त्यांच्या बरोबरीने धावली आणि सरळ पाण्यात शिरली. ती पोहते आहे हे शिंपीणबाईंना आधी कळलंच नाही, पाण्यावर नुसतं एक थोबाड सरकत येत होतं. मग नावेला धक्का बसला. नाव कलली, गार पाणी मांडीवर आलं. शिंपीणबाईंनी डोळे मिटून वल्हं हाणलं, ते पाण्यावरच आपटलं.

“ए! चल निघ! निघ इथून!” मागून मास्तरीणबाई गरजल्या. अख्खा वर्ग गप्प बसावा असा तो आवाज होता. त्या आवाजाने की पिल्लांच्या चिरकण्याने कोण जाणे, डुकरीण वळली.

नाव भिंतीला लागली. मास्तरीणबाईंनी एका कपारीत बोटं खुपसून ती धरून ठेवली. वर जावई पांढराफटक पडला होता.

“आणखी एकच माणूस मावेल,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “आधी...” आणि त्या थांबल्या. दोघींची नजरानजर झाली.

“जावईबापूंना घ्या,” शिंपीणबाई म्हणाल्या. वर त्यांची एकुलती एक लेक उभी होती, आणि पडक्या दगडांच्या उतारावरून ते जनावर कधीही वर येऊ शकत होतं.

जावयाला खाली उतरवायला वरून दोन माणसं हवी होती. शिंपीणबाई भिंतीच्या खाचांत पाय रोवून वर चढल्या. मुलीच्या ओढणीने त्यांनी मांडी करकचून आवळली, मग दोघींनी त्याला धरून नावेत सोडलं. तो कण्हला, मास्तरीणबाईंनी त्याचं डोकं पायाशी घेतलं.

“या आता, विहीणबाई.”

“मी हिच्याजवळ थांबते. जावईबापू आडवे पडलेत, आता तिसरं कोणी बसलं तर नाव उलटेल. निघा तुम्ही.”

नाव लहान होत होत गवताआड गेली. मग फक्त वारा राहिला आणि खाली दगडांवर खुरांचा आवाज.

डुकरीण उताराने वर येऊ लागली की दोघी दगड फेकायच्या. ती चार पावलं मागे जायची, पुन्हा यायची. सुटे दगड संपले. शिंपीणबाई नखांनी भिंतीतले दगड उकरू लागल्या. डुकरिणीचा श्वास ऐकू येत होता, ओला, फुसफुसणारा.

“त्याला काही झालं तर गं?” मुलगी म्हणाली.

“काही होत नाही.” शिंपीणबाई बोलल्या खऱ्या, पण मनात भलतंच चाललं होतं. विहीणबाईंना त्यांचं लेकरू मिळालं. आता आपल्यासाठी कोण कशाला धावत येतंय? डोंगराची सावली तळ्यावर सरकत आली. मुलीचा हात हातात होता.

डुकरीण उताराच्या मध्यावर येऊन थांबली तेव्हा लांबून मोटारबोटीची घरघर आली. तिने कान टवकारले. बोटीतल्या वनरक्षकाने भोंगा वाजवला तशी ती पिल्लं घेऊन झाडीत घुसली.

बोटीच्या टोकाशी मास्तरीणबाई उभ्या होत्या. केस सुटलेले, कपडे रक्ताने माखलेले.

“तुम्ही? आणि जावईबापू?”

“दवाखान्यात पाठवलं गाडीतून. वनखात्याच्या चौकीतली परिचारिका आहे बरोबर.”

“तुम्ही गेला नाहीत?”

“पोरीला इथे टाकून त्याला काय तोंड दाखवू?” त्यांनी सुनेला खाली ओढून घेतलं, तिला पोटाशी धरलं, मग विहिणीला हात दिला. बोट वळल्यावर खालच्या आवाजात म्हणाल्या, “मघाशी मी ‘आधी माझा’ म्हणणार होते.”

“कळलं होतं मला.”

“बोलले कुठे मी?”

“नाही बोललात. मीही ‘आधी माझी’ म्हणणारच होते.”

दवाखान्यात पोचल्या तेव्हा जावई आत होता. तिघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, अंगावर ओले कपडे, कोणी बसायला तयार नाही. पुष्कळ वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मोठी रक्तवाहिनी थोडक्यात वाचली होती. काही दिवस लंगडेल, बाकी धोका नाही, असं त्या म्हणाल्या.

मास्तरीणबाई तिथेच फरशीवर बसल्या. शिंपीणबाईही त्यांच्या शेजारी टेकल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांना वळसा घालून जावं लागत होतं, पण दोघींपैकी कोणी लवकर उठलं नाही.