पूर्वेकडचा पासंग

काटेवाल्यांना वाकडी वस्तू सहन होत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर कलतं दिसलं तर परक्याच्या घरातही ते उठून सरळ करत, आणि जेवताना भाकरीचे तुकडे सारखे पडले नाहीत तर उगीच अस्वस्थ होत. पस्तीस वर्षं दुकानांतले आणि गोदामांतले वजनकाटे दुरुस्त करून शून्यावर आणण्यात गेली होती. माणूस अठ्ठावन्न वर्षांचा झाला तरी मोठी बहीण त्यांना बाळ्या म्हणे. आईच्या माघारी तिनेच त्यांना वाढवलं होतं, त्यामुळे तिच्यापुढे त्यांची मिजास चालत नसे.

त्या ताईचे डोळे चालले होते. आधी नजरेच्या कडा गेल्या, मग नळीतून पाहावं तेवढंच मधलं उरलं. डॉक्टरांनी शेवटच्या तपासणीत आडपडदा ठेवला नाही. "उरलेली नजर महिनाभर धरून चाला," ते म्हणाले.

रिक्षात बसल्यावर ताईने फाईल मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "बाळ्या, ती देवयानी दीर्घिका आयुष्यभर धुरकट ठिपकाच दिसली रे. एकदा नीट बघायची होती."

"नेटवर ढिगाने फोटो आहेत. घरी गेल्यावर दाखवतो."

"ते लोकांच्या गच्चीवरचे. मला आपल्या गच्चीवरची पाहिजे."

झालं. दुसऱ्याच दिवशी काटेवाले कॅमेरा पिशवीत घालून दुर्बिणीच्या दुकानात हजर झाले. कॅमेरा होता, लांब पल्ल्याची लेन्सही होती. दुर्बिणीचा मोह दुकानदाराने त्यांना पडूच दिला नाही. तो तिशीतला पोरगा होता, पण जाणकार होता.

"काका, लेन्स पुरे. सगळं माउंटवर आहे. म्हणजे कॅमेऱ्याखाली जे बसवायचं त्यावर. आकाश फिरतं ना, त्याच्याबरोबर कॅमेराही तीन मिनिटं बिनचूक फिरला पाहिजे. हे घ्या. याचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखायचा."

काटेवाल्यांनी ते माउंट पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. सगळंच तिरकं होतं. एका बाजूला दांडी, तिच्यावर वजन, आणि दुसऱ्या बाजूला कॅमेरा लटकणार.

"आणि ते?" त्यांनी शेजारी बोट दाखवलं. ते दुसरं कसं ताठ उभं होतं! वर-खाली, डावं-उजवं, बुडाशी पातळी दाखवणारी पाणसळ.

"ते नुसतं बघायला छान. फोटोत दीर्घिका मधे राहते, पण चौकट तिच्याभोवती फिरत जाते. कडेचे तारे वाकडे येतात."

"पातळीत नीट बसवलं तर नाही येणार," काटेवाले म्हणाले. पोरगा समजावून थकला. शेवटी गिऱ्हाईकाच्या हट्टापुढे त्याचं काही चालेना.

व्हायचं तेच झालं. तारे कडेला वाकले, जणू कुणी चित्र चिमटीत धरून फिरवलं होतं. काटेवाले रोज पाणसळ तपासत, केसभर इकडे, केसभर तिकडे. आठ दिवस असे मातीत गेले. मग चंद्र मोठा झाला, त्याच्या उजेडात काही उमटेना, मग ढग आले. महिना काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हता. शेवटी नाक मुठीत धरून ते दुकानात परत गेले आणि ते तिरकं माउंट घेऊन आले.

या वेळी त्यांनी जीव ओतला. दांडीवरचं वजन कणाकणाने सरकवून असा समतोल साधला, की कॅमेरा जिथे सोडावा तिथे थांबावा. एवढं सुंदर शून्य त्यांनी सोन्याच्या काट्यातही क्वचित पाहिलं होतं. आणि तरी फोटोत प्रत्येक तारा जोडीने उमटला.

त्यांनी दुकानात फोन केला. पोरग्याने ध्रुवताऱ्याची दिशा विचारली, स्क्रू विचारले, मोटर विचारली.

"समतोल बरोबर आहे ना, काका?"

"एकदम शून्य."

"मग कमाल आहे," पोरगा म्हणाला.

चार संध्याकाळी तारे जोडीनेच येत राहिले. काटेवाल्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. कामावर एका गोदामाचा काटा त्यांनी चुकीचा लावला, हे आजवर घडलं नव्हतं. ताई काही विचारत नव्हती, म्हणून तर जीव अधिक तुटत होता. तिनं एवढं मोठं केलं, आणि आपल्याकडून तिच्यासाठी एक चित्र होत नाही, या विचाराने एकदा ते जिन्यातच खाली बसले आणि रडले.

पाचव्या दिवशी अंधार पडला तशी ताई म्हणाली, "मलाही वर ने." त्यांनी हात धरून नेलं. पश्चिमेकडून ढगांची रांग वर चढत होती. अर्धा तास, फार तर. ताईने चाचपत माउंट शोधलं आणि दांडीवर दोन बोटं ठेवली.

"बाळ्या, हे डुलतंय."

"कसं डुलेल? शून्यावर आहे."

"तेच तर. माझी कवळी सैल झाली होती तेव्हा अशीच करायची. घडीत इकडे, घडीत तिकडे. एका बाजूने चावलं की गप बसायची. याच्या आतल्या चाकांचे दात सैल आहेत. एका अंगाला भार दे."

काटेवाले गोंधळले. मुद्दाम भार द्यायचा? लोकांनी पारड्याखाली चिकटवलेले चोरटे पासंग उपटण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी पुन्हा फोन लावला.

"अरे देवा!" पोरगा ओरडला. "म्हणजे खरोखरच शून्य केलंत? काका, पूर्वेची बाजू किंचित जड ठेवायची. मग मोटर भार ढकलत राहते आणि दात एकमेकांना सोडत नाहीत. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

कामाच्या पेटीतलं शंभर ग्रॅमचं पितळी वजन त्यांनी दोऱ्याने पूर्वेच्या अंगाला बांधलं. बांधताना त्यांना अक्षरशः कसंसंच झालं. त्या धडपडीत कॅमेरा थोडा हलला आणि दीर्घिका चौकटीच्या पार खालच्या कोपऱ्यात गेली. एरवी ते मेले असते पण तशी ठेवली नसती. पण ढग हातभरावर आले होते. त्यांनी बटण दाबलं आणि दोघं जागची न हलता उभी राहिली. तीन मिनिटं संपली, आणखी थोड्या वेळात वर काहीच उरलं नाही.

खाली येऊन त्यांनी फोटो टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर लावला. एकूण एक तारा टाचणीच्या टोकासारखा होता. आणि उजवीकडे, खाली कोपऱ्यात, ती होती. लांबट, गाभ्यात उजळ, भोवती काळसर पट्टे. त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि ताईला बसवलं.

ताई पुढे झुकली. बराच वेळ पाहत राहिली.

"अगं बाई! केवढी मोठी रे! आणि कशी लखलखीत!"

"दिसतेय ना?"

"न दिसायला काय झालं? अगदी मधोमध ठेवलीयस. बाळ्या तो बाळ्याच."

तिने हात पुढे केला आणि पडद्याच्या बरोबर मधे, काळ्या रिकाम्या जागेवर, बोट हळूहळू गोल फिरवलं. "इथेच ना?"

काटेवाले कोपऱ्याकडे पाहत होते. मग त्यांनी ताईच्या बोटाकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे. ती हसत होती, त्यांच्यासाठी.

"हो, ताई," ते म्हणाले. "तिथेच. मधोमध."

आवाज त्यांनी सांभाळला. गालांवरून ओघळणारं पाणी मात्र पुसलं नाही, की तोंडही फिरवलं नाही. ताईच्या नजरेपासून ते लपवायची आता गरज उरली नव्हती.